मदत हवी आहे: कोकणात सागवानी फळ्यांची जमीन, फुगण्याला जागा किती सोडावी?

रत्नागिरीत तळमजल्यावरची ३.६ मीटर रुंद खोली. गिरणीतून कापून आणलेल्या २८ मिमी जाड सागवानी फळ्या, तयार माप १९ मिमी जाड आणि ९० मिमी रुंद. एक बाजू व एक कड गुण्यात (एकमेकींना काटकोनात) घेऊन, दोन्ही बाजूंनी सारखाच रंधा मारून २२ मिमीवर थांबलो आहे. एकाच बाजूने जास्त काढलं तर फळी वाटीसारखी वळते. मध्ये रिपा घालून तीन आठवडे थप्पी लावून मगच १९ वर येणार. फळ्या एकमेकींत अडकाव्यात म्हणून एका कडेला ६ मिमीची जीभ, समोरच्या कडेला ६.५ मिमी खोल खाच. (सागाने पाती लवकर बोथट होतात, कार्बाइडचीच लावा.)

खरी अडचण ओलाव्याची. लाकडातला ओलावा मोजणाऱ्या मीटरवर एप्रिलमध्ये १२ टक्के, जुलैत १६. सपाट चिरलेला (फळीची रुंदी वार्षिक वलयांच्या दिशेने असलेला) साग ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीत साधारण ०.१९ टक्के फुगतो, म्हणजे खोलीभर सुमारे २७ मिमी! भिंतींलगत १२-१२ मिमी सोडले तरी पुरत नाहीत, शिवाय जिभेतून खिळे मारल्यावर सगळं फुगणं भिंतीपर्यंत पोचतही नाही.

एप्रिलमध्ये बसवताना दर सांध्यात अर्धा मिमी सोडावा, की पाऊस सरल्यावर १४ टक्क्यांना घट्ट बसवून उन्हाळ्यातल्या बारीक फटी चालवून घ्याव्यात? स्लॅबवर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि वर लाकडी पट्ट्या ठरल्या आहेत. दमट किनाऱ्यावर अशी जमीन बसवलेल्यांनी कृपया आपली मापं सांगावीत.