मदत हवी आहे: १३७ किलोहर्ट्झवर संथ मोर्सची रेघ दिसते, पण अक्षरं लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

गेले नऊ दिवस मी एकाच रेघेच्या मागे लागलोय. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झच्या आपल्या चिमुकल्या हॅम (हौशी रेडिओ) बँडात, अगदी वरच्या टोकाला, अंधार पडला की ती उमटते. हेडफोनमध्ये नुसती खरखर. रेघ दिसते ती फक्त स्पेक्ट्रम लॅब या सॉफ्टवेअरच्या वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेबरोबर सरकत जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रावर.

घरातल्याच उपकरणांचा कचरा असेल असं आधी वाटलं होतं. म्हणून मेन स्विच पाडला आणि लॅपटॉप, रिसीव्हर दोन्ही बॅटरीवर चालवले. ५०-५० हर्ट्झवरच्या विजेच्या रेघा झटक्यात गेल्या, ही राहिली. मग लूप अँटेना हळूहळू फिरवला, तर एका कोनात ती पार पुसली गेली आणि पुढे सरकवल्यावर परत आली; म्हणजे ती बाहेरून, एका दिशेने येतेय. त्या रात्री झोप लागली नाही. २२०० मीटरच्या तरंगलांबीवर कुणाचाही अँटेना तोकडाच पडतो, प्रसारणाची मर्यादाही जेमतेम १ वॉट. तरीही कुणीतरी तिकडून काहीतरी सांगतंय आणि ते मला वाचता येत नाहीये.

सेटिंग: साउंडकार्ड सेकंदाला ११०२५ नमुने, एफएफटी (आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडणारं गणित) २,६२,१४४ बिंदूंचा. म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा ०.०४२ हर्ट्झचा.

रेघ मधूनमधून तुटते, आणि ते खंड साधारण ३०-३० सेकंदांचे. त्यावरून क्यूआरएसएस-३० (अतिसंथ मोर्सचा एक वेग) धरलं; ३० सेकंदांचा डॉट, ९० चा डॅश. पण स्क्रीनशॉटवर पट्टी लावून तुकडे मोजले तर ओळीने असे आले: ५०, ९०, ७०, ११०, ५० सेकंद. डॉट एकही नाही! रिसीव्हर सरकतोय का? की एफएफटी दुप्पट करून अजून बारीक बघू?

प्रतिसाद १
सरकण्याची शंका आधी मिटवा. या फ्रिक्वेन्सीवर दहा लाखांत एक इतकी चूक म्हणजे ०.१४ हर्ट्झ, तुमचे तीन कप्पे. रेघ तिरकी जाते का? रिसीव्हर निदान तासभर तापू द्या.

धागाकर्ता
पहिला पाऊण तास तिरकी जाते, मग सरळ. वरचे आकडे दोन तासांनंतरचे आहेत.

प्रतिसाद २
रिसीव्हर ठीक आहे, आणि तुमचं मोजमापही अचूक आहे. उत्तर त्या आकड्यांतच आहे.

क्यूआरएसएस-३० असतं तर तुकडे ३० किंवा ९० चेच आले असते. ७० कुठून येणार? आता डॉट १० सेकंदांचा धरा. डॉटची लांबी म्हणजे १ मात्रा, डॅश ३ मात्रांचा. अक्षराच्या आतली फट १ मात्रा, दोन अक्षरांमधली ३ मात्रा, म्हणजे ३० सेकंद. तुम्ही जिला डॉट-डॅशमधली फट समजताय ती अक्षरांमधली आहे. ५० सेकंदांचा तुकडा म्हणजे डॉट, फट, डॅश: १+१+३, पाच मात्रा. नाहीतर उलट, डॅश-डॉट, किंवा तीन डॉट. दोन डॅशचं अक्षर ७० सेकंदांचं, तीन डॅशचं ११० चं. तुमच्यासमोर सबंध अक्षरं आहेत, आतून लिंपलेली.

लिंपली कशामुळे? २,६२,१४४ भागिले ११०२५, जवळपास २४ सेकंद. तुमचा एफएफटी एका वेळी २४ सेकंदांचा आवाज एकत्र घोटतो. त्यात १० सेकंदांची फट विरघळणारच. कप्पा अरुंद केला की गोंगाट कमी होतो हे खरं, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. एफएफटीची ही वेळेची खिडकी डॉटपेक्षा लांब नको. दुप्पट केलीत तर अक्षरांमधल्या फटीही जातील.

६५,५३६ करून पाहा: ६ सेकंद, ०.१७ हर्ट्झ. वॉटरफॉल दर दोन सेकंदांनी एक रकाना सरकू दे. रेघ फिकी दिसेल, घाबरू नका. मिनिटाला १२ शब्दांच्या नेहमीच्या मोर्समध्ये डॉट ०.१ सेकंदाचा असतो. हा त्याच्या शंभरपट संथ, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत २० डीबीचा (शंभरपट) फायदा शिल्लक आहेच.

धागाकर्ता
काल रात्री ६५,५३६ लावला. पहिला अर्धा तास काहीच दिसेना, इतकी फिकी. मग ब्राइटनेस कमी करून कॉन्ट्रास्ट वाढवला, आणि पहाटे दोनच्या सुमारास पहिल्या ५० सेकंदांच्या तुकड्यात फट उघडली. आधी छोटा ठिपका, मग काळं, मग लांब रेघ. ए! त्यानंतरच्या ९० च्या तुकड्यात ठिपका, रेघ, ठिपका, ठिपका: एल. तिसऱ्या अक्षरावर विजांचे उभे पट्टे आले आणि सगळं झाकलं गेलं.

प्रतिसाद २, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एकच विचारायचंय: हे उभे पट्टे स्पेक्ट्रम लॅबच्या नॉइज ब्लँकरने (अचानक आलेले कडाके कापून टाकणाऱ्या सोयीने) जातात का, की त्यात सिग्नलही कापला जातो?

प्रतिसाद २
जातात, लावाच. विजेचा कडाका काही मिलिसेकंदांचा, तुमचा डॉट १० सेकंदांचा. तेवढं कापून सिग्नलचं काही बिघडत नाही. फक्त ब्लँकर एफएफटीच्या आधी चालायला हवा आणि रिसीव्हरचा फिल्टर मोठा उघडा ठेवा. अरुंद फिल्टरमधून कडाका लांबट होऊन बाहेर पडतो, मग ब्लँकरला तो सापडत नाही. एजीसी (रिसीव्हरचा आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) हीसुद्धा बंद करा. तिसरं अक्षर लागलं की इथे लिहा, वाट बघतोय.