दिवाळीत मुलांना शिवरायांचा राज्यकारभार समजावा, यासाठी कोणता गड दाखवावा?

शहापूरकर: बेळगावातील आमच्या गल्लीची 20 मुले दरवर्षी दिवाळीत मातीचा किल्ला करतात. लढाया त्यांना पाठ आहेत. पण 1674 च्या राज्याभिषेकानंतर राज्य कसे चालत होते, असे विचारले की ती गप्प होतात. एका दिवसात पाहून परतता येईल असा गड कृपया सुचवावा. वर्गणी 6,000 रुपये जमली असून त्यापलीकडे खर्च शक्य नाही.

निपाणीकर: रायगडाशिवाय दुसरे नाव मनात आणू नका. आम्ही दोन मुक्काम केले. बाजारपेठेतील दुकानांची जोती पाहताना माझा मुलगा अर्धा तास तेथून हलला नाही. अशा कामात पैशाकडे पाहू नये.

टिळकवाडीकर: येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे, निम्मी वर्गणी शिल्लक राहील.

चंदगडकर: राजहंसगड महाराजांच्या आधीपासूनचा आहे. पारगड महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी उभारला आणि तेथे आजही वस्ती आहे. आमच्या भागात पारगडाला तोड नाही.

टिळकवाडीकर: आधीचा असल्याने गडाचे मोल कमी होत नाही. तमिळनाडूतील जिंजीही महाराजांनी 1677 मध्ये विजापूरकरांच्या सरदाराकडून घेतली, आणि तिच्याच आश्रयाने राजाराम महाराजांनी पुढे मोगलांशी अनेक वर्षे झुंज दिली.

खानापूरकर: भीमगड पाहावा, मात्र तो अभयारण्यात असल्याने परवानगी आधी काढावी. मी ती न काढताच तिघा भाच्यांना घेऊन गेलो आणि नाक्यावरूनच परतलो. खर्च झेपत असेल तर रायगडच उत्तम.

होंगलची शिक्षिका: कोणताही गड पाहण्याआधी मुलांना त्याची व्यवस्था सांगावी, अन्यथा ती बुरुजावर चढून उतरतील आणि एवढेच लक्षात ठेवतील. किल्ला एकाच माणसाच्या मर्जीवर राहू नये म्हणून महाराजांनी किल्ल्या सांभाळणारा हवालदार, शिबंदीवरचा सरनोबत आणि जमाखर्च लिहिणारा सबनीस असे तिघे समान दर्जाचे अधिकारी नेमले. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. सैनिकांना वतने देण्याऐवजी रोख वेतन देण्यावर त्यांचा भर होता. महाराज 1680 मध्ये गेले आणि औरंगजेब 1707 मध्ये मरेपर्यंत दक्षिणेत लढत राहिला, तरीही राज्य टिकले. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण ही घडी आहे.

निपाणीकर: हे सर्व रायगडावरच नीट समजते.

शहापूरकर: सर्वांचे मनापासून आभार. बाईंचा प्रतिसाद मुलांना दोनदा वाचून दाखवला आणि आम्ही यंदा कोठेही न जाण्याचे ठरवले. आमच्या किल्ल्यावर आजवर तोफा आणि मावळेच असत. या वेळी अंबारखाना म्हणजे धान्याचे कोठार व पाण्याचे टाके आधी बांधले जाईल, आणि मातीपासून पणत्यांपर्यंतचा सारा खर्च तिघांच्या संमतीनेच होईल. सबनिशी मागणाऱ्या सातवीतील मुलीने आजच नव्या वहीत जमा आणि खर्चाचे रकाने आखून आणले आहेत.