जैसलमेरच्या पुढचं वाळवंट खरंच बघण्यासारखं आहे का?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी राजस्थानला जायचं ठरतंय. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे जरा कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. उदयपूर, जोधपूर नक्की आहे, जैसलमेरचा किल्लाही आहे, पण मला त्याच्या पुढे जायचंय, खुडी, तनोट, डेझर्ट नॅशनल पार्क वगैरे, दोन-तीन दिवस तरी. नवऱ्याचं म्हणणं असं की एक संध्याकाळ सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसलो की वाळवंट झालं, पुढे नुसती वाळू आणि काटेरी झुडपंच तर आहेत, त्यासाठी एवढं लांब कशाला. टूरवालाही तेच म्हणतो, वर सांगतो की आपल्या लोकांना तिकडे कंटाळा येतो. आपल्याला निसर्ग म्हणजे सह्याद्री, पाऊस, हिरवं असंच डोक्यात असतं हे खरं. पण मला लहानपणापासून वाळवंटाची फार ओढ आहे, का ते सांगता येणार नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी मनापासून सांगा, जावं का? आई-बाबांना घेऊन जावं का?

भटका_नाशिककर

जावंच. आणि समला एक संध्याकाळ हे उत्तर नाहीये, कारण समला तुम्ही वाळवंट बघत नाही, वाळवंट बघायला आलेली माणसं बघता. डिसेंबर एंडला तर तिथे जीप, उंट, डीजे, फटाके, सगळं एकदम असतं.

पहिली गोष्ट म्हणजे वाळूच्या टेकड्या हा थरचा एक भाग झाला. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातलं बरंचसं खडकाळ माळ, मुरमाड जमीन, सेवण गवताची कुरणं आणि सुकलेले तलाव असं आहे, टेकड्या त्या मानाने कमीच. खुडी जैसलमेरपासून पन्नासेक किलोमीटर, तिथे गावातच घरगुती राहायची सोय होते, मातीच्या झोपड्या, चुलीवरची बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. तिथे त्या झाडावर माणूस, शेळी, उंट सगळेच जगतात.

मुलीला घेऊन पहाटे, उजाडताना, वारा सुटायच्या आत टेकडीवर जा. रात्रभरात कोण कोण येऊन गेलं ते सगळं वाळूवर लिहिलेलं असतं. किड्याची दोन बाजूंनी टिंबटिंब असलेली बारीक रेघ, कोल्ह्याची एका ओळीत पडलेली पावलं, उंदराच्या उड्या आणि मधेच एखादी रेघ अचानक संपते, तिथे पंखांचा पुसट ठसा असतो, म्हणजे वरून घुबडाने उचललं. आणि एकमेकींना न चिकटणाऱ्या तिरप्या रेघांची ओळ दिसली तर ते फुरसं, आपल्या कोकणात सापडतं त्याच जातीतलं. थंडीत सहसा दिसत नाही पण रात्री बूट आणि टॉर्चशिवाय फिरू नका. ऊन चढलं, वारा सुटला की तासाभरात ही सगळी पाटी कोरी.

अजून एक, तारखा ठरवताना पंचांग बघा. सगळे पौर्णिमा बघून जातात कारण चांदण्यात वाळू चमकते वगैरे, मी म्हणेन अमावस्येच्या आसपास जा. मृग, कृत्तिका, आकाशगंगा ही ठाण्यातून काय दिसणार? आईबाबांना कॉटवर दोन रजया देऊन झोपवा आणि वर बघू द्या.

मंदार_कोथरूड

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. वाळवंट सुंदर आहे यात वाद नाही पण प्रत्येकाने जावं अशी जागा ती नाही. जैसलमेरहून तनोट एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या घरात, वाटेत सावली नाही, धड टॉयलेट नाही, मोबाईलची रेंज येते-जाते. १९७१ च्या लढाईतलं लोंगेवाला आणि तनोट मातेचं मंदिर मिळून आख्खा दिवस जातो आणि त्यातला बहुतेक वेळ गाडीतच. तरुणपणी मजा वाटते, गुडघेदुखीच्या माणसाला तो प्रवास आहे, सहल नाही.

आणि दुसरं मला जास्त टोचतं ते पाण्याचं. जिथे वर्षाला दोनशे मिलीमीटरही पाऊस धड पडत नाही तिथे तंबूला शॉवर, बाथटब, कुठेकुठे स्विमिंग पूल, सगळं टँकरच्या पाण्यावर. सकाळी टेकडीच्या मागे गेलात तर प्लास्टिकच्या बाटल्या आणि बिअरचे कॅन. आपण गेलो की त्यात भरच पडते. जीप टेकडीवरून उडवायची ती ड्यून बॅशिंगची फॅशन आलीये, तिने वाळू धरून ठेवणारं गवत आणि झुडपं चिरडली जातात. म्हणून माझं मत, किल्ल्यात आणि पटव्यांच्या हवेल्यांत दोन दिवस निवांत घालवा, गडीसर तलावावर सकाळी बसा, त्या पिवळ्या दगडातही वाळवंट भरपूर आहे.

माळढोक_सोलापूर

मंदार, कचऱ्याचं आणि जीपचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण त्यावर उपाय न जाणं हा नाही असं मला वाटतं, कारण हा भाग रिकामा आहे, तिथे काही नाही, असं सगळ्यांना वाटतं म्हणूनच त्याची वाट लागते.

आमच्या नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. लहान असताना वडील दाखवायला घेऊन जायचे, मीटरभर उंच पक्षी, मान ताठ करून माळावर चालणारा. आज आमच्याकडे तो जवळजवळ संपलाय. जगात दीडशेच्या आसपासच उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या या 'रिकाम्या' जमिनीवर. वजन पंधरा किलोपर्यंत, एका वेळी साधारण एकच अंडं आणि नजर अशी की बाजूचं चांगलं दिसतं पण समोरचं नीट नाही, म्हणून उडताना विजेच्या तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प वाढले तशा तारा वाढल्या. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि समिती नेमली. समजवळ २०१९ पासून कृत्रिम प्रजनन केंद्र चालू आहे, तिथे पिल्लं वाढतायत, एवढाच काय तो दिलासा.

सायली, डेझर्ट नॅशनल पार्कच्या सुदासरी भागात जायचं असेल तर जैसलमेरच्या वनखात्याच्या ऑफिसातून आधी परवानगी घ्या, स्थानिक गाईड घ्या आणि ड्रायव्हरला आधीच बजावा की रस्ता सोडून पक्ष्यामागे गाडी घालायची नाही, फोटो नाही मिळाला तरी चालेल. माळढोक दिसेलच असं नाही पण चिंकारा, गिधाडं, वाळवंटी कोल्हा यातलं काही ना काही दिसतंच. आणि जोधपूरहून जैसलमेरला जाताना फलोदीजवळच्या खीचनला थांबा, ते चुकवू नका. थंडीत तिथे हजारो कांड्या करकोचे उतरतात, मध्य आशिया-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले. गावातले लोक त्यांना रोज धान्य टाकतात, सकाळी त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बाबांना चालावंही लागणार नाही.

शैलजा_बीड

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी बीडची, जन्म टँकरच्या रांगेत गेला. आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि तरी मार्चपासून घागरी घेऊन पळायचं. म्हणून मला बघायचं होतं की याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी पावसात ही माणसं शेकडो वर्षं राहिली कशी. टेकड्या मी अर्ध्या तासात बघून घेतल्या, बाकी सगळा वेळ पाणी बघितलं.

तिकडे खडीन असतात. खडकाळ उताराच्या पायथ्याला लांबलचक मातीचा बांध घालायचा, आजूबाजूच्या मोठ्या टापूतलं पावसाचं पाणी तिथे येऊन साठतं आणि मुरतं, मग थंडीत त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, वरून पाणी न देता. पालीवाल ब्राह्मणांनी यात हात बसवलेला. कुलधरा म्हणून त्यांचं सोडून दिलेलं गाव आहे, लोक तिथे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात, मी म्हणते त्या शेतांकडे बघा ना जरा.

आणि बेरी. सुकलेल्या तळ्याच्या पोटात अरुंद विहिरी खणलेल्या, तोंड जेमतेम माणूस आत उतरेल एवढं, वर झाकण. वाळूच्या खाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो, तो पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही, मग वाळूत अडकलेला ओलावा थेंबथेंब विहिरीत पाझरतो. एका बाईंना मी पाणी शेंदताना बघितलं. पोहरा वर आला तो अर्धाच भरलेला, त्यांनी तो सावकाश घागरीत रिता केला आणि शेवटचे घोटभर दगडातल्या खळग्यात ओतले, चिमण्यांसाठी. काठाच्या लाकडाला दोरानं इतक्या खोल खाचा पडल्यात की माझं बोट आत गेलं. मी त्यांना विचारलं, पुरतं का? म्हणाल्या, जितना है उतना पूरा है.

मंदार म्हणतात ते बाथटबवाले तंबू याच माणसांच्या शेजारी आहेत. म्हणून जा, पण गावात राहा, बादलीत आंघोळ करा आणि पैसे त्या घरात द्या. तुमच्या मुलीला खडीन नक्की दाखवा, शाळेत भूगोलात हे शिकवत नाहीत.

सायली_ठाणे

बापरे, किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. नवऱ्याला वाचायला दिलंय, खीचनवर तो लगेच तयार झाला. तनोट बाबांसाठी सोडून देतेय, मंदार यांचं पटलं. खुडीला दोन रात्री आणि डीजेवाला कॅम्प कॅन्सल. दोनच शंका, थंडी किती असते आणि मुलीला वाळू सोडून अजून काय दाखवता येईल? तिला डायनोसॉरचं वेड आहे.

भटका_नाशिककर

मग आकलला न्याच, जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेर रस्त्याला. ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत, अठरा कोटी वर्षांपूर्वीचे, उघड्या माळावर जाळीखाली ठेवलेत. आज जिथे झुडूप दिसत नाही तिथे तेव्हा दाट जंगल होतं, सालीच्या रेषासुद्धा दगडात दिसतात. सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतात.

थंडी जोरदार असते. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे वाळू दिवसभराची ऊब रात्री झटकन सोडून देते. दुपारी टीशर्टवर फिराल आणि पहाटे पारा पाच-सहाच्या आसपास. बाबांना कानटोपी, पायमोजे, गुडघ्याला गरम पट्टा. आणि झोपडी घेताना संडास आतच आहे ना, कमोड आहे ना, हे फोनवर आधी विचारून घ्या.

माळढोक_सोलापूर

बांद्र्याहून जैसलमेरला थेट गाडी आहे, पण रोज नाही. तुमचं उदयपूर आधी असेल तर परतीचं तिकीट तिचं बघा, डिसेंबर एंडचं रिझर्व्हेशन उघडताच संपतं. आणि मुलीला दुर्बीण घेऊन द्या, साधी चालेल, खीचनला लागेल.