क्रॉलरचा ड्राइव्हशाफ्ट: टिकाऊ पोलादी घ्यावा, की तोच आधी तुटू द्यावा?

मूळ मत

रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या १/१० प्रमाणाच्या स्केल क्रॉलरमध्ये (खडकांवर हळूहळू चढणाऱ्या, खऱ्या गाडीच्या छोट्या प्रतिकृतीमध्ये) एखादा भाग मुद्दाम कमजोर ठेवावा आणि तो भाग ड्राइव्हशाफ्टच (गिअरबॉक्सची फिरकी चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडाच) असावा, हे मत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की नव्याने गाडी घेणाऱ्याला पहिला सल्ला तोच मिळतो. त्यामागचा युक्तिवाद असा, की प्लास्टिकचा शाफ्ट तुटला तर दोन स्क्रू काढून नवा बसवता येतो. पोलादी शाफ्ट मात्र तुटत नाही आणि मग तोच भार पुढे जाऊन अ‍ॅक्सलमधल्या क्राऊन-पिनिअनचे (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीचे) किंवा गिअरबॉक्सचे दात तोडतो. मला हे मत पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर मांडतो.

आधी शाफ्टवर भार किती येतो ते पाहू. गाडीचे वजन ३ किलो, टायरची त्रिज्या सुमारे ५५ मिलिमीटर, आणि उभ्या चढावर जवळजवळ सगळे वजन मागच्या अ‍ॅक्सलवर आले आहे असे धरू. कोरड्या बेसॉल्टवर रबराची पकड वजनाइतकीच मानली, तर टायर घसरण्यापूर्वी चाकांवर जास्तीत जास्त १.६ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) येतो. अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स१० टू या गाडीत क्राऊनचे दात ३० आणि पिनिअनचे ८ आहेत, म्हणजे गुणोत्तर ३.७५; त्यामुळे शाफ्टवर ०.४३ न्यूटन-मीटरच्या आसपासच पीळ येतो. एवढा भार प्लास्टिकचा शाफ्टही विनातक्रार घेतो. खरी कसोटी लागते ती चाक खडकाच्या फटीत अडकल्यावर, कारण तेव्हा टायरला घसरायला वाव नसतो आणि भाराची मर्यादा पकड ठरवत नाही, मोटर ठरवते. जाम झालेल्या मोटरचा पीळ ०.२ न्यूटन-मीटर आणि शाफ्टपर्यंतची घट दहास एक धरली, तर एकट्या त्या शाफ्टवर २ न्यूटन-मीटर येतात, म्हणजे आधीच्या साडेचार पटींहून जास्त.

आता हा भार शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात नेमका कुठे बसतो ते पाहावे. योकचे (सांध्यातल्या दुबेळक्या तुकड्याचे) दोन कान एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असले, तर प्रत्येक कानातल्या २ मिलिमीटरच्या पिनवर २५० न्यूटन येतात. पोलादी पिनला हे फारसे जड नाही. अडीच मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या कानावर मात्र छिद्राच्या कडेशी हा दाब सुमारे ५० मेगापास्कल होतो, आणि साध्या नायलॉनसाठी ही मर्यादा फार दूर राहिलेली नसते. म्हणूनच प्लास्टिकचा शाफ्ट फ्यूजसारखा एका ठरलेल्या भाराला तुटत नाही. वापरलेला शाफ्ट हातात घेऊन पाहा: कानांच्या मुळाशी पांढुरकी रेघ उमटलेली असते, पिनचे गोल छिद्र लांबट झालेले असते, आणि सरकत्या स्प्लाइनच्या (शाफ्टचे दोन अर्धे जिथे एकमेकांत सरकतात त्या खाचांच्या भागाच्या) सरळ खाचा किंचित पीळ घेऊन वळलेल्या दिसतात. असा शाफ्ट पुढचे कित्येक तास चालतो, पण थ्रॉटल दिल्यावर आधी स्वतः पिळला जातो आणि मग एकदम भार सोडतो. ज्या गाडीचे सगळे कौशल्य चाक बोटभर पुढे सरकवण्यात आहे, तिच्यासाठी हा दोष तुटण्यापेक्षा वाईट आहे. त्यातच मे महिन्यातल्या तापलेल्या काळ्या कातळावर नायलॉन आणखी मऊ पडतो, म्हणजे या तथाकथित फ्यूजची क्षमता ऋतूनुसार बदलते.

संरक्षण हवे असेल तर ते मोटरजवळ असावे. गिअरबॉक्सला स्लिपर क्लच (भार फार वाढला की घसरणारा क्लच) असेल तर तो नीट बसवावा, ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकातला) पंच, म्हणजे थ्रॉटल देताच बसणारा झटका, कमी करावा, आणि शाफ्ट मात्र कठीण पिनांचा, क्रॉस (दोन योक जोडणारा मधला तुकडा) बदलता येणारा पोलादी घ्यावा.

प्रतिसाद १

आपली आकडेमोड मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शाफ्ट किती टिकाऊ आहे हा प्रश्नच नाही. गाडी किती टिकाऊ आहे हा प्रश्न आहे. चाक अडकल्यावर शाफ्टवर आलेले २ न्यूटन-मीटर पोलादी शाफ्ट लावल्याने नाहीसे होत नाहीत. ते जसेच्या तसे पिनिअनच्या आठ दातांवर जातात, आणि एका वेळी त्यांतले एखाद-दोनच दात तो भार घेत असतात. पिनिअनचा दात गेला की अ‍ॅक्सल उतरवा, लिंक (अ‍ॅक्सल चॅसीला जोडणारे दांडे) सोडा, सर्व्होचा (स्टीअरिंग वळवणाऱ्या मोटरचा) आधार काढा, घर उघडा, बेअरिंगमधला दाताचा चुरा धुऊन काढा, नव्या जोडीला शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) लावून बसवा. नदीपात्रातल्या दगडांवर बसून हे काम करता येत नाही. शिवाय आपल्याकडे हे सुटे भाग बहुतेक परदेशातूनच येतात, त्यावर सीमाशुल्क आणि टपालखर्च चढतो, आणि तोपर्यंत गाडी फळीवर पडून राहते. प्लास्टिकचे दोन शाफ्ट खिशात मावतात आणि जागेवर बदलता येतात.

स्लिपर क्लचवर आपण टाकलेला विश्वासही मला जास्त वाटतो. सतत घसरून पॅड तापला की त्याची पकड बदलते, म्हणजे जो दोष आपण नायलॉनला लावता तोच इथेही आहे. पंच कमी केल्याने पीळ हळू चढतो हे खरे; पण चाक अडकलेले असताना चालकाने बोट तसेच दाबून ठेवले, तर पीळ शेवटी तेवढाच होतो.

शिवाय सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे शेवटची घट थेट चाकाजवळच्या गिअरमध्ये होते. त्यामुळे चाकावर तेवढ्याच ओढीसाठी शाफ्टवर येणारा पीळ त्या मानाने कमी असतो. शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, पण हलक्या भाराने. अशा गाडीत प्लास्टिकचा शाफ्ट काढून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद २

मी लेथ आणि मिलिंगच्या कामात आहे. वरची दोन्ही मते वाचताना एक गोष्ट खटकली, की ‘पोलादी’ म्हटले म्हणजे सगळे एकच माल धरत आहेत. बाजारात चकचकीत दिसणारे स्टेनलेस शाफ्ट पुष्कळदा ३०४ दर्जाचे असतात. तो माल गंजत नाही, पण तापवून कठीणही होत नाही. सामान्य स्थितीत सुमारे २१० मेगापास्कलपासूनच तो कायमचा वाकू लागतो. याउलट ईएन२४ (एक मिश्र पोलाद) टफन, म्हणजे उष्णता देऊन कणखर, केलेला घेतला, तर त्याची ताणशक्ती ८५० ते १००० मेगापास्कल मिळते. दोन्ही शाफ्ट फोटोत सारखेच दिसतील, पण पहिल्याच्या कानातले छिद्र जवळजवळ प्लास्टिकसारखेच लांबट होईल. त्यामुळे माल कोणता आणि कठीण केला आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

पिनसाठी खिळा किंवा तार कापून वापरू नये. ग्राइंड केलेली कठीण डॉवेल पिन बेअरिंगच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात २ मिलिमीटरमध्ये सहज मिळते. शाफ्टचे शरीर कठीण आणि पिन त्याहून कठीण असली, तर झीज योकच्या छिद्रात होते आणि पूर्ण शाफ्ट जातो. म्हणून जिथे मधला क्रॉस सुटा मिळतो, तिथे झीज क्रॉसवर येईल अशी जोडी मी पसंत करतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत अशा छोट्या कामाला नकार न देणारे कारागीर आहेत, फक्त नमुना आणि मापे घेऊन जावे लागते.

आता ग्रब स्क्रूविषयी (योक दांड्यावर पक्का करणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूविषयी), कारण पोलादी शाफ्ट लावल्यानंतरच्या तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात. गिअरबॉक्सचा ५ मिलिमीटरचा दांडा आणि योक यांना एकच एम३ ग्रब स्क्रू जोडत असेल, तर २ न्यूटन-मीटर पिळाला त्याच्यावर ८०० न्यूटन येतात. स्क्रू घट्ट बसलेला असेल तर तो हे पेलतो, कारण भार फक्त कातरणारा असतो. तो थोडा जरी सैल झाला तरी प्रत्येक पुढे-मागे हालचालीत वाकवणारा ठोका बसतो आणि स्क्रू छिद्राच्या तोंडाशी तुटतो. मग आत उरलेला तुकडा काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. दांडा आणि स्क्रू दोन्ही स्पिरिटने पुसून, तेल पूर्ण काढून, निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावावे आणि रात्रभर वाळू द्यावे. शक्य असेल तिथे आरपार जाणारी पिन वापरावी, म्हणजे भार दोन बाजूंना निम्मा-निम्मा होतो.

प्रतिसाद ३

मालाच्या चर्चेत भूमिती मागे पडली आहे. मी पाहिलेले बरेचसे तुटलेले शाफ्ट कमजोर नव्हते. ते चुकीच्या लांबीचे होते. एससीएक्स१० टूच्या चेरोकी मॉडेलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर) ३१३ मिलिमीटर आणि टीआरएक्स-४ डिफेंडरचा ३२४ मिलिमीटर आहे, आणि लिंक बदलून तो कमी-जास्त करणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे पाकिटावर गाडीचे नाव छापलेले आहे, एवढ्यावर शाफ्ट घेऊ नये. स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबावा. त्या स्थितीत सरकता भाग तळाला टेकण्याआधी २-३ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. नंतर अ‍ॅक्सल एका बाजूने पूर्ण खाली सोडावा; तेव्हा स्प्लाइनचा निदान एक-तृतीयांश भाग आत अडकलेला असावा. पहिली अट मोडली तर शाफ्ट खांबासारखा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला रेटतो, आणि पोलादी शाफ्टच्या बाबतीत हे नुकसान जास्त होते, कारण प्लास्टिक निदान वाकून वाट देते.

दुसरी गोष्ट कोनाची. शाफ्टच्या टोकाचा साधा युनिव्हर्सल जॉइंट ३० अंशांत फिरत असेल तर बाहेरचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा ०.८७ ते १.१५ पटींमध्ये वरखाली होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एकाच पातळीत असतील, तर हा फरक एकमेकांना रद्द करतो. सरकता शाफ्ट साफसफाईनंतर एक खाच चुकवून जोडला तरी ही जुळवणी बिघडते. म्हणून दोन्ही अर्ध्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवावी. अ‍ॅक्सलचे पिनिअन वर वळवून थेट गिअरबॉक्सकडे रोखले असेल, तर सगळा कोन एकाच टोकाला येतो आणि तिथे साधा जॉइंट कितीही मजबूत असला तरी धक्के देणारच. तिथे दुहेरी क्रॉसचा सांधा हवा.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

लांबी आणि ग्रब स्क्रूबद्दलचे मुद्दे मी पूर्णपणे स्वीकारतो. खरेदीच्या आधी मोजमाप यायला हवे. टीआरएक्स-४ चे शाफ्ट कारखान्यातून येतात तसेच ठेवावेत, हेही मान्य. पोर्टल नसलेल्या गाडीविषयी मात्र माझे मत कायम आहे. क्राऊन-पिनिअन तुटण्याचे कारण शाफ्ट मजबूत असणे हे नसून, पिनिअनला शिम नसल्यामुळे दात अर्धेच एकमेकांत बसणे हे असते. अ‍ॅक्सल एकदा उघडून दातांची पकड घट्ट केली आणि घराच्या प्लास्टिकला ताण पडून ती सैल होत नाही एवढे पाहिले, की आठ दातांचे पोलादी पिनिअन चाक अडकल्याचा भार सहन करते. कमजोर शाफ्टच्या आड ही दुरुस्ती लपून राहते.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर

शिमबद्दल आपले बरोबर आहे आणि ते काम प्रत्येकाने करावेच. तरीही पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकच नियम लावू नये असे मला वाटते. चढावर वजन मागे जाते, त्यामुळे मागचा शाफ्ट सतत ओढीखाली असतो. तिथे टफन केलेला पोलादी शाफ्ट असावा, हे मी मान्य करतो. फटीत अडकते ते मात्र बहुधा पुढचेच चाक, तेही वळलेले असताना, आणि त्याच वेळी स्टीअरिंगच्या सांध्याचा कोन सर्वांत जास्त असतो. शाफ्ट न तुटल्यास तो भार पिनिअन ओलांडून त्या सांध्यापर्यंत पोहोचतो. म्हणून पुढे मी प्लास्टिकच ठेवीन, कानांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली की तुटण्याची वाट न पाहता बदलीन, आणि स्प्लाइनला ग्रीस लावणार नाही, कारण कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ ग्रीसमध्ये बसली की तिचे घासकाम पोलादावर आणि प्लास्टिकवर सारखेच चालते.