रमशिवाय प्लम केक

रम न घालता प्लम केक जमतो का, असं एकीने विचारलंय. आम्हा बडोदेकरांना दुसरा इलाजच नाही! गुजरातेत दारूबंदी. मी काळ्या मनुका, टूटीफ्रूटी आणि संत्र्याची किसलेली साल संत्र्याच्याच रसात घालून एक उकळी काढते, गार झालं की दोन दिवस फ्रिजमध्ये. रममध्ये भिजवलेल्या मनुकांसारखं महिनाभर बाहेर ठेवायला जाऊ नका, आंबेल. रंगासाठी साखर गडद तांबूस होईपर्यंत जाळायची, गॅस बंद करून कडेने थोडं थोडं गरम पाणी सोडायचं. गार पाणी ओतलंत तर अंगावर उडतं (माझ्या मनगटावर डाग आहे अजून).

हा केक फार टिकत नाही, म्हणून भेट द्यायला मी नानकटाईच करते. फतेगंजातल्या मैत्रिणीकडे नाताळात डबा जातो आणि कुलकुल (नाताळात करतात तो तळलेला गोड पदार्थ) भरून परत येतो. रिकामा डबा द्यायचा नाही, हे तिच्याही घरी आहेच. नानकटाईला तूप थिजलेलं घ्या आणि हलकं होईपर्यंत फेसा. पातळ तुपाने ती ट्रेभर पसरते, मग चव कितीही चांगली असो, डब्यात घालायची लाज वाटते.