दवाखाना, कागद आणि ओळख: सांगली-साताऱ्याकडचे अनुभव लिहा

माणदेशी_पाव्हणा
काल रेशन दुकानात केवायसीला उभा होतो. दुकानदार म्हणाला, "कार्ड जपा, आता धान्यापेक्षा दवाखान्यालाच जास्त लागतंय." ते ऐकलं आणि मामांची अँजिओप्लास्टी आठवली. (मामा म्हणजे आत्याचे यजमान.)

आम्ही आटपाडीचे. आत्याची नणंद सांगोल्यात दिलेली. राजीव गांधी जीवनदायी योजना (रेशन कार्डावर मोफत उपचारांची) जुलै २०१२ ला सुरू झाली ती आठच जिल्ह्यांत. त्यात सोलापूर होतं, सांगली नव्हतं. आपल्याकडं यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. मधल्या काळात नणंदेच्या दिराचं हार्टचं काम योजनेत झालं आणि इकडं मामांच्या स्टेंटसाठी आत्यानं पाटल्या मोडल्या. आजार तोच, कार्ड दोघांचंही केशरी, फक्त जिल्ह्याची शीव आडवी आली. मामा अजून पाव्हण्यांत सांगतात, "माझं हृदय चुकीच्या तालुक्यात बंद पडलं."

आता तीच योजना महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. उपचाराच्या खर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, २०२३ च्या जीआरनं पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलं. कागदावर सगळं आहे. तरी घरात कुणी आजारी पडलं की आपण पहिला फोन "तिथं आपलं कोण आहे?" म्हणूनच का लावतो? अनुभव लिहा. चांगले असतील तर तेही लिहा, नुसतं रडगाणं नको.

वेशीवरची_सुमन
मामांचं वाक्य 😂 आता तब्येत कशी आहे?

माणदेशी_पाव्हणा
ठणठणीत. खरसुंडीच्या यात्रेत माझ्या पुढं चालतात.

तंतुवाद्य
मिरजकर हजर. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून आमचं गाव दवाखान्यांवर जगतंय. रेल्वेनं निम्मं कर्नाटक इथं उतरतं, आमच्या मेडिकलवाल्यांना मराठीपेक्षा कन्नड बरं येतं. मिरजेत दोनच गोष्टी नीट जुळवून मिळतात, सतार आणि हाड.

पण दुसरी बाजूही सांगतो. कन्नड बोलणारं म्हातारं जोडपं स्टेशनाबाहेर आलं. रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं "ते डॉक्टर गावाला गेलेत" म्हणून भलत्याच दवाखान्यात नेऊन सोडलं. मी शेजारच्याच रिक्षात बसलेलो, डोळ्यांनी बघितलं. पाठवणाऱ्याला कट मिळतो हे इथं शेंबड्या पोराला माहीत आहे. २०१७ ला राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला होता, पेपरात रकानेच्या रकाने आले. मसुदा होता तो मसुदाच राहिला.

शिवसागर_पल्याड
तुमच्याकडं रिक्षा चुकीच्या दारात तरी सोडते. आमच्याकडं आधी पाणी ओलांडायचं. कोयना धरण झालं आणि कांदाटी खोऱ्यातली गावं पलीकडंच राहिली. बाईला कळा लागल्या की पहिला प्रश्न लाँचवाला जागा आहे का, दुसरा वारं आहे का. वहिनीच्या वेळी पावसाळा होता, लाँच सोडायला कुणी धजेना. दोन बांबूंना घोंगडं बांधलं आणि भाऊबंदांनी आळीपाळीनं डोंगरातनं आणली. १०८ वाली बाई फोनवर शांतपणे विचारत होती, "जवळची खूण सांगा." काय सांगणार, जांभळीचं झाड?
बाळ बाळंतीण सुखरूप. पोरगी आता शाळेत सगळ्यात आगाऊ आहे.

वेशीवरची_सुमन
वाचून अंगावर काटा आला. आणि त्या जांभळीवर हसूही आलं, माफ करा.

डॉक्टर_पण_माणूसच
थोडं आमचंही ऐका. ड्यूटी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. एका पेशंटबरोबर बारा नातेवाईक येतात आणि त्यातल्या अकरा जणांना वाटतं आम्ही मुद्दाम उशीर करतोय. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर तो मी घरून आणू का? मारहाणीविरुद्धचा २०१० चा कायदा आमच्या वॉर्डाबाहेर बोर्डावर लावलाय, त्याच बोर्डाला टेकून एकानं माझी कॉलर धरली होती.
योजनेचंही तसंच. पॅकेजचा दर ठरलेला, पैसे मागाहून येणार. छोट्या हॉस्पिटलला तेवढा दम धरवत नाही, मग ते "बेड नाही" सांगून मोकळे होतात. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. कारण सांगितलं.

तंतुवाद्य
डॉक्टर, कॉलरचं वाईट वाटलं. पण "बेड नाही" ऐकलेल्या माणसाचा आमदाराच्या पीएचा फोन आला की दहा मिनिटांत बेड निघतो, तो कुठून निघतो तेवढं सांगा.

डॉक्टर_पण_माणूसच
याचं उत्तर माझ्याकडं असतं तर मी अजून रेसिडेंट नसतो 🙏

उसाचं_पाचट
वाळवा तालुका. विषय थोडा वेगळा आहे पण लिहितेच. आमच्या फडात बीडकडची टोळी यायची. त्यातल्या एका बाईची गर्भपिशवी काढलेली, वय तिशीच्या आतबाहेर. मी विचारलं, गाठ होती का? म्हणाली, "दुखायचं. डॉक्टर म्हणला कॅन्सर होईल. आन् खाडा पडला की मुकादम पैसे कापतो." नवराबायको मिळून एक कोयता, एक जण पडला की दोघांचा खाडा. २०१९ ला हा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. बाई मात्र दुसऱ्या वर्षीही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती आणि कंबर धरून उतरत होती. तिच्या सहीला "संमती" म्हणायचं का हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

वेशीवरची_सुमन
ताई, हा विषय अजिबात वेगळा नाही. मी म्हैसाळच्या जवळची. मार्च २०१७ मध्ये ओढ्याकडेला पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा सगळे चॅनलवाले आमच्याकडं. सोनोग्राफीच्या खोलीत "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा बोर्ड १९९४ च्या कायद्यानं सक्तीचा आहे, आम्ही लहानपणापासून वाचतोय. बोर्ड वाचूनच लोक हळू आवाजात विचारतात. आमच्या आशाताईंना सगळं आधी कळतं, पण बोलल्या तर गावात राहायचं त्यांनाच.

कराडची_माई
मी जरा वेगळं सांगते. आमच्या आबांनी नव्वदीत सगळ्यांना बसवून सांगितलेलं, मला नळ्या लावू नका. वेळ आली तेव्हा धाकटे दीर पुण्याहून आले आणि म्हणाले, लोक काय म्हणतील. लावलं मशीन. मी डॉक्टरांना आबांचं म्हणणं सांगितलं तर ते म्हणाले, "लिहून दिलंय का? नाहीतर डामा करून घरी न्या." (डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज.) डामावर सही कोण करणार? सगळे माझ्याकडं बघायला लागले, थोरली सून ना मी! सुप्रीम कोर्टानं २०१८ ला अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल, शेवटी नळ्या-मशीन नको हे आधीच लिहून ठेवायचं) मान्यता दिली, २०२३ ला ते सोपंही केलं, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. मी माझं करून ठेवलंय. मुलगा चिडला. म्हटलं चीड, पण झेरॉक्स तुझ्याकडं ठेव.

शिवसागर_पल्याड
माई, दोन साक्षीदार लागतात ना?

कराडची_माई
हो. एक शेजारीण, एक भिशीतली मैत्रीण. नंतर तिघींनी भेळ खाल्ली.

माणदेशी_पाव्हणा
भेळ कुठली? (धागाकर्ता म्हणून अधिकृत प्रश्न)

नवा_सभासद_सांगली
घाईत आहे. सासऱ्यांना ट्रस्टच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलंय, ऑपरेशन योजनेच्या यादीत बसत नाही म्हणाले. काही करता येईल का?

तंतुवाद्य
हॉस्पिटल धर्मादाय नोंदणीचं आहे का बघा. असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हायकोर्टाच्या आदेशानं २००६ पासून ही योजना आहे.

डॉक्टर_पण_माणूसच
यादीत बसत नाही हे कुणी सांगितलं, काउंटरवाल्यानं की आरोग्यमित्रानं (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस)? आरोग्यमित्राकडूनच खात्री करा, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा. नाहीच बसलं तर आजच समाजसेवा अधीक्षकांना गाठा. बिल निघाल्यावर गेलात तर हात वर करतात. निर्धनला उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत लागतं, तहसीलदारांचा दाखला हवा.

नवा_सभासद_सांगली
दाखला आहे पण मागच्या वर्षीचा.

कराडची_माई
मग नवा काढा. सेतूत सकाळी लवकर जा, नंतर सर्व्हर बंद पडतो. आणि सासूबाईंजवळ कुणाला तरी बसवून जा.