बाथचा पुल्टनी पूल: एका दुपारीत कसा बघावा?

कृष्णाकाठ: आई-बाबा सप्टेंबरात सांगलीहून ब्रिस्टलला येत आहेत. बाथसाठी एकच दुपार आहे. पुल्टनी पूल नीट दाखवायचा आहे, पण आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. कुठून बघावा?

दगडी_कमान: ब्रिस्टलच्या टेम्पल मीड्स स्टेशनहून बाथ स्पा स्टेशन रेल्वेने साधारण पंधरा मिनिटे. सकाळची गर्दी टळल्यावरचे ऑफ-पीक रिटर्न तिकीट काढा, स्वस्त पडते. स्टेशनसमोरच्या मॅन्व्हर्स स्ट्रीटने सरळ, पुढे पिअरपाँट स्ट्रीट, मग ग्रँड परेड. दहा मिनिटे, आईंच्या चालीने वीस धरा. तिथल्या कठड्याशी उभे राहिले की खाली घोड्याच्या नालेसारखा बंधारा आणि मागे पुलाच्या तीन कमानी. एकही पायरी नाही. दुपारी ऊन पाठीमागून येते, फोटो तेव्हाच काढा.

सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहून कृष्णा बघायची आपली सवय, म्हणून लोक आधी पुलावरच जातात. इथे दोन्ही बाजूंना सलग दुकाने आहेत, नदी दिसतच नाही! आधी लांबून बघा, मग पुलावरून चालत लॉरा प्लेसपर्यंत जा.

पाणी_४५_फूट: वरच्या उत्तराला जोड. रॉबर्ट ॲडमच्या आराखड्याचा हा पूल 1774 पर्यंत झाला, पण त्याची रेखीव बाजू म्हणजे दक्षिणेची, ग्रँड परेडवरून दिसते ती. 1799 आणि 1800 च्या पुरांत उत्तरेची बाजू ढासळली, कारण खालचा आधारच कमी पडला. पुन्हा बांधली ती साधी. नंतर दुकानदारांनी मागे खोल्या वाढवल्या, त्या नदीवर लोंबतात. मला तर तीच बाजू जास्त बोलकी वाटते.

ती बघायला बाबांना होडीत बसवा. पूल ओलांडल्यावर आर्गाइल स्ट्रीटवरून उजवीकडे दगडी जिना नदीकाठी उतरतो. होड्या पुलाखालून बाथॅम्प्टनकडे जाऊन येतात, तासभर लागतो. नदी चढली की फेऱ्या बंद, त्यामुळे आदल्या दिवशी पावसाचा अंदाज बघा.

बंधारा मात्र जुना नव्हे, 1968 ते 1972 च्या पूरनियंत्रण कामातला. ग्रँड परेडच्या पलीकडच्या काठाला कोयना धरणासारखाच वक्र दरवाजा आहे, फक्त एक आणि लहान. तो वरूनही दिसतो.

कृष्णाकाठ: बाबा होडीत असताना आईला तासभर बसायला जागा?

दगडी_कमान: ग्रँड परेडखालच्या परेड गार्डन्समध्ये उतरावे लागते, शिवाय हंगामात तिकीट. त्यापेक्षा पुलावरच्या एखाद्या कॅफेत नदीकडची खिडकी धरा. आत शिरताना पायरी आहे का, तेवढे आधी विचारा.